सहावं नाव

ड्राय टँक, टेक्सास
१८ जानेवारी

येसेनिया,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे पत्र. टपाल ब्लॉक करता येत नाही. फार तर न वाचता फेकून देशील. पण तुझा पत्ता काढायला मला तुझ्या आजीच्या मिरच्यांच्या सगळ्या कुंड्या अंगणातून आत आणून द्याव्या लागल्या आहेत आणि माझी पाठ अजून दुखतेय, तेव्हा निदान पाकीट तरी फोड.

मी भांडायला लिहीत नाहीये. माफी मागायलाही नाही. ‘जा, तिकडे तुला काळं कुत्रंसुद्धा विचारणार नाही,’ असं मी सगळ्यांसमोर म्हणाले, हे खरं आहे. पण सामानाचे खोके भरून झाल्यावर, निघायला चार दिवस उरले असताना तू मला सांगितलंस की तुम्ही डॅलसला चाललात, हेही खरं आहे. सातवीपासून आपण दोघींनी अकरावीत फिजिक्स घ्यायचं ठरवलं होतं, आणि तुझ्याआधी मला ही बातमी पेट्रोलपंपावरच्या बाईकडून कळते! तेव्हा फिटंफाट.

आता बातमी ऐक. परवा पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे कागद वाटले. तुझ्या नव्या शाळेत म्हणे विषयांचं जाडजूड पुस्तकच देतात. आजी मोठ्या कौतुकाने सांगत होती, त्यात सिनेमा कसा काढायचा तेही आहे आणि तीन तऱ्हेचं फिजिक्स आहे. आमच्याकडे तोच एक कागद, पाठपोट. पाठीमागे अर्ध्या भागात बसच्या वेळा. वरच्या पातळीचं फिजिक्स यादीत आहे, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की सहा विद्यार्थी झाले तरच वर्ग चालेल.

आम्ही पाच आहोत. मी, ओर्तेगांचे जुळे, पास्टरांची मुलगी प्रूडेन्स, आणि तो नवा मुलगा, जो ऑगस्टपासून एक शब्द बोललेला नाही.

मी ऑटिंगर मॅडमकडे गेले. त्या हल्ली विषय निवडायला मदत करतातच, शिवाय बाहेरगावच्या सामन्यांना बस पण चालवतात, त्यामुळे किल्ल्या हातात घेऊनच बोलत होत्या.

“सहा म्हणजे सहा, हॅटी. साडेपाच नाही.”

“पण मॅडम, डिसेंबरपर्यंत सहा होते.”

“डिसेंबरपर्यंत येसेनिया होती.”

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. मला मात्र थोबाडीत बसल्यासारखं झालं.

फेब्रुवारीअखेर मुदत आहे. तुला माहीत आहे मला काय हवंय. जिथे नदी नाही अशा गावातली मुलगी पूल बांधणार, म्हणून सगळे हसतात, तर हसू देत. आमच्या वर्गात आता चौदा जण. त्यांतल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, म्हणजे एक आख्खी मुलगी आणि दुसरीचा गुडघ्यापर्यंतचा पाय. ती आख्खी मुलगी सध्या मी आहे, कारण पहिला नंबर तुझा होता आणि तू गेलीस. पण नंबराने नुसतं फाटक उघडतं. इंजिनिअरिंगवाले विचारतात, फिजिक्स कुठे आहे? आणि फिजिक्स नसलं की अर्ज बाजूला.

तुझ्या आजीची मागची खोली रिकामी आहे. परीक्षेपुरते लोक आजीकडे राहतात, दोन वर्षं राहिलेलेही आहेत. मी काही म्हणत नाहीये. खोली रिकामी आहे, एवढंच सांगितलं.

हॅटी

३ फेब्रुवारी

येसेनिया,

उत्तर नाही. बरं.

दोन आठवडे मी सहाव्या माणसाच्या मागे हात धुवून लागलेय. रात्री झोप नाही, तासाला लक्ष नाही. इतिहासाच्या तासाला मी वहीत एकेक नाव लिहून त्यावर काट मारत बसते. लिंडी स्ट्राउडला विचारलं. माझ्या खालोखाल तिचा नंबर आहे आणि ती माझ्या मानेवर श्वास सोडत असते, पण गरजवंताला अक्कल नसते— जाऊ दे. ती गोड हसली. “मी संगणकावरून मानसशास्त्र घेतेय. त्यालाही तेवढंच वजन आहे आणि प्रयोग नाहीत.” बघ! तिला फक्त वजन कळतं. तुला आठवतं, नववीत तू हौसेने चित्रकला घेतलीस, शंभरपैकी शंभर मिळवलेस, आणि तुझी सरासरी खाली आली? कारण वरच्या पातळीच्या विषयांचे मार्क सरासरीत वाढवून धरतात, चित्रकलेच्या मार्कांना तसं वजन नाही. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढेल. आपण मात्र त्या दिवशी रडलो होतो.

मग मी किप बोलँडरकडे गेले.

हसू नकोस. उरलेल्यांत तोच एक होता, ज्याने मला अजून नाही म्हटलेलं नव्हतं. तो व्यायामाच्या खोलीत आडवा पडून लोखंड उचलत होता.

“फिजिक्स? मी? हॅटी, उन्हात बसली होतीस का?”

“तू रोज फिजिक्सच करतोस की. समोरच्याला आडवा करतोस ते काय असतं?”

“ते जेवण असतं. आई दोन ताटं वाढते.”

“किप, मी गंमत करत नाहीये.”

तो उठून बसला. घाम पुसला. “अगं, सत्तरच्या खाली गेलो की कोच बाकावर बसवतात. राज्याचा नियमच आहे. सहा जणांचा आपला फुटबॉलचा संघ, त्यातला मी बाकावर बसलो तर गाव मला जाळेल.”

आणि मग मी त्याला जे सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे, तू नियम काढून बघ. वरच्या पातळीच्या विषयांना त्यातून सूट आहे. त्यात नापास झालास तरी शुक्रवारी खेळायचं.

“म्हणजे मी नुसतं बसायचं?”

“नियम मी केलेला नाही,” मी म्हणाले.

त्याने टॉवेलची घडी घातली. मग म्हणाला, “तुला मी खरंच त्या वर्गात हवाय?”

“तू आलास तर वर्ग चालेल.”

दुसऱ्या दिवशी त्याने नाव दिलं. सहा झाले, येसेनिया! मी पाण्याच्या टाकीपर्यंत पळत गेले आणि पळतच परत आले. कोच बॅलर्डच फिजिक्स शिकवणार. ते म्हणाले, “सहा जणांत मी मैदान चालवतो, वर्गही चालवीन.” सगळे खूश आहेत.

तरी अजून मला झोप का लागत नाही, कळत नाही.

हॅटी

१० फेब्रुवारी

येसेनिया,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढी मोठी काचेची इमारत आणि पाठीमागे एवढीशी ओळ: ‘तुला मी हवीय की सहावं नाव?’

तर ऐक, सहावं नाव मिळालंय. आजीची खोली आजीलाच लखलाभ. तुझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

हॅटी

१७ फेब्रुवारी

येसे,

मागचं पत्र टाकलं आणि पोस्टातल्या बाईकडे ते परत मागितलं. तिने दिलं नाही. कायद्याने देता येत नाही म्हणाली. तेव्हा ते तुला मिळालं असणार.

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही, आणि सांगायला दुसरं कुणी नाही. आईला सांगितलं तर ती म्हणेल, दुसऱ्यांच्या पोरांचं तू कशाला बघतेस.

जेवणाच्या रांगेत मी ट्रे पुढे केला. वॅंडाकाकू पलीकडे होत्या, हातात पळी. किपची आई म्हणून नव्हे, पण त्या मला नेहमी एक पोळी जास्त देतात, ती मक्याची, कडा भाजलेली. आज त्यांनी पळी खाली ठेवली.

“किप फिजिक्स घेतोय म्हणाला, तेव्हा मी चार घरांत सांगून आले गं. म्हटलं, आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी फिजिक्स घेतंय. पीचची फळं भरून गोड पाय भाजला, केकसारखा. काल कोचना भेटले, तर ते म्हणतात, काळजी करू नका, त्यात नापास झाला तरी खेळता येतं.”

माझ्यामागे आख्खी रांग. मी म्हणाले, “काकू, नियम तसाच आहे.”

“नियम मला कळतो. छोट्या कॉलेजांचे लोक शरद ऋतूत त्याचा खेळ बघायला येणार आहेत. ते नुसता खेळ बघत नाहीत, मार्कही बघतात. फिजिक्समध्ये नापास असलेला पोरगा त्यांना नको असतो. हे तुला माहीत होतं?”

येसे, मला माहीत होतं. गेल्या वर्षी तुझ्या चुलतभावाचं असंच झालं, तेव्हा आपण दोघी त्याच्याकडे बसून होतो. व्यायामाच्या खोलीत किपशी बोलताना ते मला आठवलं होतं. मी अर्धा नियम सांगितला आणि अर्धा गिळला. तीन तारखेच्या पत्रात तुलाही अर्धाच सांगितला.

वॅंडाकाकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, “तुला वर्ग भरायचा होता. म्हणून माझ्या पोराला नापास व्हायला भरती केलंस.”

आणि पोळी दिली. कडा भाजलेली. ती मी तशीच ट्रेमध्ये ठेवून आले.

शेवटच्या तासानंतर मी ऑटिंगर मॅडमकडे गेले आणि किपचं नाव काढायला सांगितलं. त्याला फिजिक्स नकोय, म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग पाच राहतात.” मी म्हणाले, हो. निघताना मला वाटलं, चला, आयुष्यात एक तरी गोष्ट मी नीट केली. पूल गेला, पण मन साफ झालं.

तसं काही झालेलं नाही हे मला बाहेर पडल्या पडल्या कळायला हवं होतं. झोप येत नाही म्हणून हे लिहीत बसलेय.

हॅटी

२१ फेब्रुवारी

येसे,

किप माझी वाट बघत त्याच्या ट्रकला टेकून उभा होता. त्याला कधी रागावलेला पाहिलायस तू? मी बालवाडीपासून पाहिला नव्हता.

“तू माझं नाव खोडलंस?”

“तुझ्या भल्यासाठी, किप. मी तुला पूर्ण नियम सांगितला नव्हता. नापास झालास तर कॉलेजवाले—”

“ते मला आईने सांगितलं. मी नापास होणार हे कुणी ठरवलं?”

मी दप्तराचा पट्टा ओढत राहिले.

“बोल ना.”

“तुला बीजगणितात बाहत्तर पडतात.”

“बाहत्तर म्हणजे पास!” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बसमधल्या पोरांनी काचेला नाकं लावली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ऐक. आधी तू मला उचलून आत ठेवलंस, कारण तुला एक डोकं कमी पडत होतं. मग उचलून बाहेर ठेवलंस, कारण तुझ्या मनाला टोचायला लागलं. मी काय सोफा आहे? तुम्ही हुशार लोक वर्षानुवर्षं त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसता. पहिल्यांदा तिथून कुणीतरी उठून माझ्याकडे आलं. मला वाटलं, हिला मी त्या खोलीत चालेन. म्हणून मी हो म्हटलं. नापास व्हायची सूट मिळते म्हणून नाही. मूर्ख आहेस तू, हॅटी.”

“मग आता काय करायचं?”

“आता मी सांगतो काय करायचं. मला फिजिक्स घ्यायचंय. पण साधं. सूट नसलेलं. सत्तरच्या खाली गेलो तर बाकावर बसावं लागेल असं.”

मला वाटलं तो चिडवतोय. “असं का?”

“कारण बाकावर बसायची भीती असली तरच मी अभ्यास करतो. नाहीतर करत नाही. मला मी माहीत आहे. बाहत्तर कसे आले वाटलं तुला? शुक्रवार डोळ्यांसमोर ठेवून आले.”

एवढं बोलून तो ट्रकमध्ये बसला. आणि काच खाली करून म्हणाला, “आणि आईने केलेला तो पीचचा पाय तू खाल्ला नाहीस. उत्तम झाला होता.”

मी धावत ऑटिंगर मॅडमकडे. दोन्ही एकाच खोलीत घेता येणार नाही का, अर्धे साधे, अर्धे वरचे? नाही म्हणाल्या. कोचचा एकच तास मोकळा आहे आणि एका नावाखाली सहा जण लागतात. “साधं नाहीतर वरचं. तुम्ही सहा जण ठरवा. शुक्रवारपर्यंत.”

मी सगळ्यांना विचारून आले. जुळे म्हणाले, कोणतंही चालेल, कोचचे विनोद तेच असणार. प्रूडेन्स म्हणाली, तिला नर्स व्हायचंय, साधं पुरतं. नवा मुलगा म्हणाला, “चालेल.” येसे, तो बोलला! आवाज चांगला जाड आहे.

म्हणजे प्रश्न माझ्या एकटीचा उरला. साध्या फिजिक्सला वजन नाही. लिंडीत आणि माझ्यात केसाएवढं अंतर आहे. मी साधं घेतलं आणि तिने तिचं मानसशास्त्र, की पहिला नंबर तिचा, थेट जागाही तिची. मग मी बाकी हजारो मुलांसारखा अर्ज करायचा आणि दाराशी उभं राहायचं. साधं नको म्हटलं तर नंबर माझा, पण किपशिवाय वरच्याला पाचच, म्हणजे फिजिक्सच नाही. विद्यापीठात जाईन आणि पुलांच्या इमारतीकडे बाहेरून बघेन.

आई म्हणते, “नंबर हातात आहे, तो सोडू नकोस. तिथे गेल्यावर दुसरं काहीतरी शीक. हिशेब शीक, शिक्षिका हो.” तिचं चूक नाही. तिला मी इथून बाहेर पडलेली बघायचीय, कशीही.

मी दोन दिवस नुसती चालतेय. टाकीपर्यंत जाते, परत येते, परत जाते. तू इथे असतीस तर म्हणाली असतीस, ‘हॅटी, बस एका जागी, मला गरगरतंय.’ आणि मग तू मला विचारलं असतंस, तुला नक्की काय हवंय? आणि मी तुझ्यावर खेकसले असते, आणि खेकसता खेकसता उत्तर दिलं असतं.

तू इथे नाहीस. म्हणून मी टाकीच्या खांबावर खेकसले. माझा आवाज घुमून परत आला. हस.

हॅटी

१ मार्च

येसे,

मी साधं घेतलं.

शुक्रवारी सकाळी सहा जण रांगेने ऑटिंगर मॅडमच्या टेबलाशी गेलो. किप सगळ्यांत पुढे. त्याने नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, इतकं ठळक की खालच्या ओळीवर उतरलं. मला म्हणाला, “शनिवारी येतो तुझ्याकडे. बीजगणितापासून सुरुवात. उत्तरं सांगायची नाहीत, सांगितलीस तर उठून जाईन.” आणि काल आला खरंच. पहिल्याच गणितात त्याने विचारलं, असं का? मी म्हणाले, असंच असतं. तो म्हणाला, “म्हणजे तुलाही माहीत नाही.” मला माहीत नव्हतं, येसे. मी एवढी वर्षं नुसतं बरोबर उत्तर लिहीत आलेय. आम्ही दोन तास त्या एका गणिताशी झटत बसलो. आई मधेच डोकावून गेली. माझ्याशी ती अजून बोलत नाही, पण किपला सरबत दिलं.

लिंडीला कळलं. “नक्की ना?” असं तिने दोनदा विचारलं. चेहरा दुःखी ठेवायचा फार प्रयत्न करत होती बिचारी. मला राग येईल वाटलं होतं. आला. अजूनही आहे. घरी येऊन उशी भिंतीवर मारली. नंबर जाणं सोपं नाही गं. इतकी वर्षं ‘हॅटी म्हणजे दुसरी’ होते, मग दोन महिने ‘हॅटी म्हणजे पहिली’ झाले, आणि ते मला फार, फार आवडलं होतं. तू गेल्यावर मला रडू आलं होतं, पण त्याच आठवड्यात याद्या लागल्या आणि मी माझं नाव सगळ्यांत वर पाहून हसलेही होते. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते.

आता तुझ्या पोस्टकार्डचं उत्तर.

जानेवारीत विचारलं असतंस तर मी कितीही गोड बोलले असते तरी खरं उत्तर ‘सहावं नाव’ हेच होतं. तू ते ओळखलंस, म्हणून मला तुझा एवढा राग आला. आता वर्ग भरलाय. सहाही जण आहेत, सातव्याला बाकसुद्धा नाही. तू परत आलीस तर मी तिसरी होईन. तुझा मला काडीचा उपयोग नाही, येसे, उलट तोटाच आहे.

आणि मला तू हवी आहेस. परत ये असं म्हणत नाहीये. तिथे तीन तऱ्हेचं फिजिक्स आहे, तिथेच राहा. तुझ्या वर्गात आठशे मुलं आहेत असं आजी म्हणाली, आणि तू डबा घेऊन जिन्यात बसून खातेस असंही म्हणाली. ते तिने मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. ऐकून माझं जेवण गेलं. मी तुला काळ्या कुत्र्याचं जे म्हणाले होते ते खरं होऊ नये म्हणून मी काहीही करीन, पण इथून काय करता येतं मला माहीत नाही. पत्र लिहिता येतं.

परवा जेवणाच्या रांगेत माझं लक्ष नव्हतं आणि मी दोन ट्रे उचलले, नेहमीसारखे, एक तुझा. काउंटरपाशी पोचेपर्यंत मला ते कळलंच नाही. वॅंडाकाकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन्हींत वाढलं.

हॅटी